चिलटाचा गळ

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीच्या माजी सेक्रेटरींनी केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रम समितीनं मला सांगितलं, ‘सर, तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिथल्या गमतीजमती सांगा. वीस मिनिटं.’ मागं जेवणाची तयारी झालेली आहे, वास इथवर येतोय. तेव्हा वीसची पंचवीस होणार नाहीत याची काळजी घेतो.

आपण फाट्यावरची माणसं. नांदेडची गाडी, हिंगोलीची गाडी, नागपूरकडं जाणारी गाडी, सगळ्या आपल्या दारावरून जातात. लोक उतरतात, खिचडी खातात अन् निघून जातात. जग इथून जातं, आपण जागेवरच असतो. त्यामुळं कुणी परदेशात जाऊन आलं की आपल्याला त्याचं अप्रूप. पण तिथले रस्ते, मॉल, उंच इमारती तुम्ही मोबाईलवर माझ्यापेक्षा जास्त पाहिलेल्या आहेत. मी तुम्हाला एका ओढ्याची गोष्ट सांगणार आहे. त्या ओढ्यातल्या माशाची, अन् तो मासा ज्या चिलटांवर जगतो त्या चिलटांची. ही गोष्ट फिरून शेवटी आपल्या पाण्याच्या टाकीपाशी येते. २०१६ चा उन्हाळा ज्यांना आठवतो त्यांनी जरा सावरून बसावं. मीही सावरूनच उभा आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं डेनव्हरला गेलो. बाळंतपणाच्या घरात माणसाला काय काम? सगळं राज्य सौभाग्यवतींचं. मी खिडकीत बसून बर्फ बघायचो. पहिले चार दिवस बर्फ छान वाटतो, पाचव्या दिवशी तो नुसता पांढरा दिसतो. हे जावईबापूंच्या लक्षात आलं असावं. मार्चच्या पहिल्या शनिवारी ते म्हणाले, ‘मामा, चला, मासे धरायला जाऊ.’

आता आमच्या घरात माळ आहे. नर्सी नामदेव इथून किती लांब? हिची वारी चुकत नाही. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, ‘जायचं तर जा, पण घरात आणायचा नाही.’ जावई म्हणाले, ‘मामी, आम्ही आणतच नाही. धरतो अन् सोडून देतो.’ त्यावर ही म्हणाली, ‘मग धरायचा कशाला?’

या प्रश्नावर जावईबापू हसले अन् गाडीची किल्ली शोधायला लागले. खरं सांगायचं तर माझ्याकडंही त्याचं पक्कं उत्तर आजपर्यंत नाही.

पण मला जायचं होतं. मी कयाधूच्या काठी वाढलेला. लहानपणी घरच्यांना चोरून भोयांच्या पोरांबरोबर गळ टाकलेला आहे. बांबूची काठी, दोरा, मोराच्या पिसाच्या देठाचा तरंग, अन् गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मरळ लागली तर त्या पोरांच्या घरी सण. माझं काम फक्त तरंग बुडतो का ते बघायचं. अन् गळ टाकणं हे काही हलकं काम नाही बरं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आपल्या बसवकल्याणचा, त्यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं मन कशात रमवावं ते त्यात सांगितलंय, अन् त्यात गळानं मासे धरण्याचा विनोद आहे. विनोद म्हणजे करमणूक. कुठल्या माशाला काय चारावं, हेसुद्धा त्यात आहे. तेव्हा मी राजाचा छंद केला असं समजा.

डेनव्हरच्या पश्चिमेला, डोंगर जिथं सुरू होतो तिथं, गोल्डन नावाचं गाव आहे. १८५९ च्या आसपास या भागात सोनं सापडलं, त्या धावपळीत वसलेलं. गावाच्या मधून एक ओढा वाहतो, त्याचं नाव क्लिअर क्रीक. आपल्याकडं मुंबईची मंडळी क्रीक म्हणजे खाडी म्हणतात, तिकडं क्रीक म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. रुंदी आपल्या कयाधूच्या निम्मीसुद्धा नाही. काठाला बर्फाची साय धरलेली, मधून पाणी वाहतंय, अन् तळाचा गोटा न् गोटा दिसतोय. पाण्यात हात घातला तर काढून घ्यावासा वाटतो.

आधी जावईबापूंनी माझा एका दिवसाचा परवाना काढला. ओढ्यात गळ टाकायचा तर पाहुण्यालाही परवाना लागतो. मला हे आवडलं.

त्या ओढ्यात असतो ट्राउट. थंड पाण्याचा मासा. पाणी कोमट झालं की त्याचा जीव गुदमरतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून तो आपल्या इसापूरच्या धरणात किंवा सिद्धेश्वरला कधी दिसणार नाही. आपल्याकडं रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम. ट्राउट बघायचा तर काश्मीर, हिमाचलात कुल्लूकडं, नाहीतर दक्षिणेत निलगिरी किंवा मुन्नार. तिथलाही तो मूळचा नाही. इंग्रजांना थंड डोंगरात आपला ओळखीचा मासा हवा होता, म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी स्कॉटलंडहून अंडी आणून काश्मीरच्या ओढ्यांत तो वाढवला. आम्ही ज्याच्या मागं होतो तो तपकिरी ट्राउटसुद्धा अमेरिकेचा नाही, त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून बोटीनं तिकडं गेली. जावईबापू म्हणाले, ‘मामा, इथं आम्ही दोघंही बाहेरचेच.’

आता तिकडची मासे धरायची पद्धत. तिला म्हणतात फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी. गळाला गांडूळ लावायचं नाही, कणीक लावायची नाही. गळावरच दोरा, पीस, तार गुंडाळून खोटी माशी बांधायची, अन् माशाला वाटलं पाहिजे की हे खरंच आहे. आपल्या गळाला शिसं असतं, ते भिरकावलं की दोरा त्याच्यामागं जातो. इथं उलटं. माशीला वजनच नाही. वजन आहे ते दोरीला. जाड, गुळगुळीत दोरी छडीनं हवेत मागं-पुढं खेळवायची अन् शेवटी पाण्यावर अलगद सोडायची. छडी घड्याळाच्या काट्यासारखी: पुढं दहा, मागं एक, त्यापलीकडं नाही. मी पहिल्यांदा मागं तीन वाजेपर्यंत नेली अन् माशी मागच्या झुडपात अडकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा माझ्याच टोपीत. शेवटी जावईबापू म्हणाले, ‘मामा, फेकूच नका, फक्त पाण्यावर ठेवा.’ ओढा अरुंद होता, तेवढ्यात भागलं.

मग त्यांनी एक पत्र्याची डबी उघडली. आपल्या जुन्या सुपारीच्या डबीएवढी. आत चिकटवलेल्या फोमवर ओळीनं काळे ठिपके. मला वाटलं मिरीची पूड सांडली आहे. चष्मा लावून पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक गळ. बावीस नंबरचा. तिकडं गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. कापसाच्या सुताचं नाही का, काउंट वाढला की सूत बारीक, तसंच. बावीस नंबरचा गळ तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. त्यावर काळा दोरा, दोऱ्यावर चांदीसारख्या बारीक तारेचे वेढे, डोक्याला खसखशीएवढा मणी. पट्टे दिसतात म्हणून त्याला म्हणतात झेब्रा मिज. मिज म्हणजे आपलं चिलट.

डबीत आणखी एक प्रकार होता. त्याच्या अंगाला मोराच्या पिसाचा एक तंतू गुंडाळलेला, अन् त्यावर कोंबड्याच्या मानेचं ठिपक्याठिपक्याचं पीस. हा पाण्यावर तरंगतो, अन् माशाला वाटतं की चिलटांचा एक पुंजका तरंगत चाललाय. त्याचं नाव ग्रिफिथ्स नॅट. जॉर्ज ग्रिफिथ म्हणून मिशिगनचे गृहस्थ होते. १९५९ मध्ये ट्राउट अन् त्याच्या नद्या वाचवण्यासाठी तिकडं ट्राउट अनलिमिटेड ही संस्था निघाली, ती काढणाऱ्यांतले ते एक. त्यांच्या नावाच्या चिलटाला आपला मोर. इतक्या लांब, बर्फात, मोराचं पीस पाहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तरंगासाठी पीस शोधत आम्ही पोरं रानात हिंडायचो, ते आठवलं.

आता प्रश्न असा की एवढा मोठा मासा चिलटं का खातो? त्याला दुसरं काही मिळत नाही का? उन्हाळ्यात मिळतं. टोळ, मोठ्या माश्या, मुंग्या, सगळं ओढ्यात पडतं. पण हिवाळ्यात सगळं झोपलेलं असतं. चिलटं मात्र बारा महिने असतात. बर्फावरसुद्धा चालताना दिसतात, मी डोळ्यांनी पाहिली. अंडं, अळी, कोष, अन् मग पंख फुटलेलं चिलट. सातवीच्या वर्गाला मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवलं आहे, तेव्हा डास काढायचो. चिलटाची अळी तळाच्या गाळात राहते. तिचा कोष झाला की तो हळूहळू पाण्याच्या वर चढतो. कातडीखाली वायू साठतो, त्यामुळं तो चांदीसारखा चमकतो. म्हणून त्या खोट्या चिलटाला चांदीची तार. पाण्याच्या पापुद्र्याखाली कोष क्षणभर अडकतो, पाठ फाटते, अन् चिलट बाहेर येऊन उडून जातं. मासा त्या अडकलेल्या क्षणाची वाट बघतो. थंडीत माशाच्या अंगात त्राण कमी, त्याला पळापळ परवडत नाही. तो एका जागी उभा राहतो अन् जे तोंडासमोरून वाहत येईल तेच टिपतो. एकेक घास मोहरीएवढा, पण दिवसभर.

त्यामुळं खोटं चिलट माशाच्या तोंडासमोरूनच गेलं पाहिजे, अन् पाण्याच्याच वेगानं गेलं पाहिजे. दोरीनं जरा ओढलं, जरा अडवलं, की मासा ओळखतो. खरं चिलट कधी प्रवाहाच्या आडवं जातं का? म्हणून शेवटचा दोरा केसासारखा बारीक, मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा. त्याला तिकडं सहा एक्स म्हणतात. त्यात गाठ मारायची, थंडीनं बधिर बोटांनी, चष्म्यातून. मी गाठ मारायचो अन् ती सुटायची. माझ्या गाठी शेवटी जावईबापूंनीच मारल्या.

सकाळी दहाला सुरू केलं. तरंग म्हणून दोऱ्याला लोकरीचा एक बोंडका बांधलेला. तो वाहत जायचा, परत उचलायचा, परत ठेवायचा. एक तास झाला. दीड झाला. मासे दिसत होते, तेच अवघड. पाण्यात एका मोठ्या धोंड्यामागं दोन मासे उभे होते. तोंड उघडायचे, मिटायचे. काहीतरी खात होते, पण आमचं नाही. अठरा नंबर लावला, वीस लावला, काळा लावला, तपकिरी लावला. माझे पाय बधिर झाले. मी म्हणलं, ‘अहो, यांचं पोट भरलंय.’

जावईबापू काही बोलले नाहीत. त्यांनी बाही वर केली, पाण्यात हात घातला, अन् एक गोटा उलटा करून वर काढला. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेला गाळ होता. त्यांनी खिशातल्या चिमट्यानं काहीतरी उचललं अन् माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, ‘मामा, हे खातायत.’

तळहातावर अर्धा इंचसुद्धा नाही अशी एक लाल अळी वळवळत होती. रक्तासारखी लाल.

मंडळी, ती अळी मी आधी पाहिलेली होती. स्टीलच्या पांढऱ्या बादलीत. इथं. आपल्या सोसायटीत.

२०१६ चा उन्हाळा नव्या सभासदांसाठी सांगतो. त्या वर्षी मराठवाड्यात पाणी नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते देशभर गाजलं. आपल्या दोन्ही बोअर बंद पडल्या होत्या, टँकर येत होता. अन् मे महिन्यात एका सकाळी बी विंगमधून ओरड आली, नळाला किडे येतात. मग ए विंगमधून. लहान मुलांच्या अंघोळीच्या पाण्यात लाल किडे वळवळताना आयांनी पाहिले. संध्याकाळी तातडीची मीटिंग झाली. मी सेक्रेटरी. त्या मीटिंगमध्ये काय काय बोललं गेलं ते आता सांगत नाही, बोलणारे बरेच जण समोर बसलेत अन् मीही त्यात होतो.

टाकी धुण्याचं काम वॉचमन काकांकडं होतं. महिन्याला एकदा. ते म्हणत होते, ‘सर, मी घासून धुतली हाय.’ आम्ही म्हणलं, धुतली असती तर किडे आले असते का? मी विज्ञानाचा शिक्षक. मीच उभं राहून सांगितलं की घाणीशिवाय अळी होत नाही, म्हणजे टाकी धुतलेली नाही. सगळ्यांनी मान डोलावली. दोन महिन्यांचा पगार कापून काकांना काढलं. ते ऐंशी पायऱ्या चढून टाकीवर जायचे, त्या माणसाला मी खाली खुर्चीत बसून सांगितलं की तुम्ही वर गेलाच नाहीत.

अन् आता मी गोल्डन गावात, बर्फात उभा, हातावर तीच अळी. मी विचारलं, ‘ही घाणीत होते ना?’ जावईबापू म्हणाले, ‘मामा, हे पाणी बघा.’ पाणी आरशासारखं. मग त्यांनी सांगितलं. अळी लाल असते कारण तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तात असतं तसलंच. गाळात प्राणवायू कमी असला तरी ती तगते. म्हणून ती गटारातही असते अन् ओढ्यातही. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात माशांना खायला ब्लडवर्म म्हणून मिळते ती हीच. हे चिलट चावत नाही, मलेरियाशी त्याचा संबंध नाही. मादी पाण्याच्या पृष्ठभागावर अंड्यांचा चिकट पुंजका सोडते. म्हणजे अळी टाकीत जन्मत नाही, वरून येते. चिलटाला आत शिरायला फट लागते, बस.

फट. मी तिथंच, पाण्यात उभ्या उभ्या, आपली टाकी डोळ्यांसमोर आणली. हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते. ती फाटली होती. अन् टाकीच्या शेजारी, रात्री टँकरवाल्याला दिसावं म्हणून, मीच एक मोठी ट्यूबलाइट लावून घेतली होती. चिलटं उजेडावर येतात. मागच्या नाल्यातली सगळी चिलटं आम्ही दिवा लावून टाकीवर बोलावली, अन् दार उघडं ठेवलं. उन्हाळ्याच्या गरम पाण्यात अंड्यापासून चिलटापर्यंत सगळं दोन-तीन आठवड्यांत होतं. महिन्याला एकदा धुतलेल्या टाकीत दोन धुण्यांच्या मधे एक अख्खी पिढी होऊन जाते. काका धूत होते. धुऊन भागणारं नव्हतं. नेहमीच्या मापाच्या ब्लीचिंग पावडरनं या अळ्या सहज मरतही नाहीत, तेव्हा मी पावडरीचं पोतं आणलं होतं तेही वायाच.

मी जावईबापूंना काहीच बोललो नाही. त्यांना वाटलं थंडी वाजली.

त्यांनी डबीतून लाल दोऱ्याचा बावीस नंबर काढला अन् बांधला. धोंड्याच्या वरच्या अंगाला ठेवला. दुपारचे बारा वाजत आले होते, ऊन जरा चढलं होतं. बोंडका चालत चालत आला अन् किंचित अडखळला. बुडाला नाही, नुसता अडखळला. जावई म्हणाले, ‘उचला!’ मी उचललं. आपल्यासारखा हिसका द्यायचा नाही, केसाएवढा दोरा तुटतो. नुसती छडी वर. अन् छडीच्या टोकाला जीव आला.

मासा वीतभरापेक्षा थोडा मोठा. मी हात ओले केले. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो अन् त्याला रोग होतो, म्हणून आधी हात ओले करायचे. पोट लोण्याच्या रंगाचं, अंगावर काळे अन् तांबडे ठिपके, तांबड्या ठिपक्यांभोवती फिकट कडं. वरच्या ओठात तो लाल कण. गळाचा काटा आधीच चिमट्यानं दाबून टाकलेला होता, त्यामुळं सहज निघाला. मासा मी पाण्यात प्रवाहाकडं तोंड करून धरला. त्याचे कल्ले हलायला लागले. मग तो गेला. माझ्या हातात राहिला तो गार पाण्याचा वास.

घरी आल्यावर हिनं विचारलं, ‘लागला का?’ मी म्हणलं, ‘लागला.’ पुढचं काही सांगितलं नाही.

जुलैमध्ये परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी टाकीवर चढलो. पायऱ्या मोजल्या, म्हणून तो ऐंशीचा आकडा तुम्हाला सांगितला. हवेच्या पाइपाची जाळी तशीच फाटलेली होती, तीन वर्षं. ओव्हरफ्लोच्या पाइपाला तर जाळी नव्हतीच. दोन्हींना स्टीलची बारीक जाळी बसवून घेतली, झाकणाखाली रबर लावला, अन् ट्यूबलाइट काढून खाली गेटवर लावली. खर्च ‘किरकोळ दुरुस्ती’मध्ये टाकला. कुणी विचारलं नाही. मधून मधून किडे यायचे ते बंद झाले. ते आपण पावसाच्या नावावर जमा केलं.

मग आखाडा बाळापूरला गेलो. काका तिथं मुलाच्या चहाच्या टपरीवर बसतात. मी सगळं सांगितलं. चिलट, उजेड, जाळी. त्यांनी चहा गाळता गाळता ऐकून घेतलं. म्हणाले, ‘सर, जाळी फाटल्याली मी तवाच सांगितली हुती. वहीत लिव्हलं बी हुतं.’

मी परत येऊन गेटचं जुनं रजिस्टर काढलं. एप्रिल २०१६. वेड्यावाकड्या अक्षरात: ‘टाकीवरची जाळी फाटली. बदलावी.’ त्याच्याखाली ‘पाहिले’, अन् माझी सही.

कापलेला पगार मी माझ्या पदरचा दिला. काकांनी मोजून घेतला, ते बरंच केलं. ‘परत या’ म्हणलं तर म्हणाले, ‘आता नगं सर, गुडघे गेले.’ मग मी खिशातून ती लाल चिलटाची माशी काढून त्यांना दाखवली. त्यांनी ती बोटावर घेतली, डोळ्याजवळ नेली. ते भोई. त्यांच्या बापाच्या हाताचं जाळं मी पाहिलेलं आहे. म्हणाले, ‘हिला मासा लागतो?’ म्हणलं, ‘लागतो.’ म्हणाले, ‘लागंल. आमचं बारकं पोरगं चिलटावरच मासं बघायचं. चिलटं जिथं उठत्यात तिथं पाण्यात हालचाल असती.’ म्हणजे जे मला सातासमुद्रापार कळलं ते बाळापूरच्या टपरीवर आधीपासून माहीत होतं.

हे सगळं २०१९ चं. तुम्ही म्हणाल, मग आज का? कोरोना आला, हे निमित्त झालं. खरं कारण असं की मला लाज वाटत होती. चाळीस कुटुंबांसमोर विज्ञानाचा दाखला देऊन एका माणसाचं काम घालवलं, ते चुकलं असं म्हणायला सहा वर्षं लागली.

पगार दिला, पण मिनिटबुकात अजून लिहिलेलं आहे, ‘कामातील हलगर्जीपणामुळे वॉचमन यांना कमी करण्यात आले.’ ठराव मीच लिहिला होता, माझंच अक्षर आहे. आज स्मरणिकेसाठी पंचवीस वर्षांचा इतिहास लिहिताना संपादक मंडळानं ते मिनिटबुक वाचलं असणार, अन् तो इतिहास छापून राहणार. म्हणून मी चेअरमन साहेबांकडं लेखी अर्ज दिलेला आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, तो ठराव दुरुस्त करावा, अन् रजिस्टरमधली ती एप्रिलची नोंद त्याला जोडावी. त्या मीटिंगला जे हजर होते त्यांनी सभेला यावं, एवढीच विनंती. हात वर करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

काका आज आलेले आहेत. मागं, मंडपाच्या खांबाजवळ बसलेत. त्यांना पुढं या म्हणलं तर येत नाहीत, म्हणून नाव घेत नाही अन् उभंही करत नाही. जेवायला मात्र ते आपल्यातच बसणार आहेत.

ती डबी मी आणलेली आहे. मुलांनी बघायची असेल तर एकेकानं या. मोराच्या पिसाचा आहे तो वरच्या ओळीत डावीकडं, लाल आहे तो खालच्या ओळीत शेवटी. उघडी डबी पंख्याखाली नेऊ नका, उडून जातात. अन् टोकाला हात सांभाळून लावा, दिसत नाही पण लागतं.